एकट्याने वकिली करताय? ऑफिस अचानक बंद पडलं तर काय, याची तयारी आधीच करा

सीनिअरचं ऑफिस सोडून कोर्टासमोरच्या गल्लीत नुकतीच स्वतःची पाटी लावलेल्या वकिलांसाठी हे लिहितोय. मोठ्या फर्ममध्ये असाल तर यातलं बरंचसं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असेल. पण आपल्याकडच्या तालुका आणि जिल्हा कोर्टांत बहुतेक ऑफिसं एका माणसाची. एक वकील, एक कारकून, जमलं तर एखादा ज्युनिअर. तो एक माणूस गेला किंवा अतिदक्षता विभागात आडवा पडला की ऑफिस थांबतं, तारखा थांबत नाहीत.

माझे सीनिअर हृदयविकाराने अचानक गेले आणि त्यांचं ऑफिस आवरायचं काम माझ्याकडे आलं. अतिशय टापटीप माणूस, तरी निम्म्या गोष्टी त्यांच्या डोक्यातच होत्या. त्या कामातून जे कळलं ते क्रमाने मांडतो.

आधी कायद्याने काय होतं ते पाहा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकील मरण पावला की त्याचं वकीलपत्र संपतं. ते मुलाकडे, ज्युनिअरकडे किंवा शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडे वारसाहक्काने जात नाही. मुलगा स्वतः वकील असला तरी नाही. पुढचा वकील कोण, हे पक्षकार ठरवणार आणि नवं वकीलपत्र देणार. त्यामुळे ‘माझी प्रॅक्टिस कुणाला देऊ?’ हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. प्रत्येक पक्षकाराला वेळेत कळावं, त्याचे कागद आणि पैसे त्याला परत मिळावेत, आणि मधल्या दिवसांत कुणी उभं नव्हतं म्हणून त्याचा दावा काढून टाकला जाऊ नये, यासाठी ही तयारी.

दुसरी गोष्ट कुलमुखत्यारपत्राची. ‘बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलंय, ती बघेल’ असं वकीलसुद्धा म्हणतात, याचं मला नवल वाटतं. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मेला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी. माणूस कोमात असेल तर घरच्यांना पालक म्हणून नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि त्यात दिवस जातात.

१. माणूस ठरवा, शक्यतो दोन

तुमच्या गैरहजेरीत ऑफिसचं कुलूप उघडून फायली पाहणारा माणूस वकीलच हवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ खाली पक्षकार आणि वकील यांच्यातली बोलणी गोपनीय आहेत, आणि ते बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि नोकरांवरही आहे. तुमचा भाऊ किंवा जावई त्यात कुठेच बसत नाही. त्याने घटस्फोटाची फाईल चाळली तर पक्षकाराची गुपितं त्याच संध्याकाळी गावात.

आता अडचण अशी, की छोट्या कोर्टात तुमचा सगळ्यात जवळचा मित्रच तुमच्या निम्म्या दाव्यांत समोरच्या बाजूला असतो. दुपारी चहा एकत्र आणि तीन वाजता उलटतपास. त्याच्या हाती तुमच्या सगळ्या फायली देता येत नाहीत. म्हणून दोघं ठरवा. एक मुख्य, आणि ज्या कामांत तो समोरच्याकडून आहे तेवढ्यांसाठी दुसरा. दुसरा शेजारच्या तालुक्यातला असला तरी चालेल.

त्यांची संमती लेखी घ्या. दोन पानांचा साधा कागद पुरे: कुठली परिस्थिती आली की त्यांनी हात घालायचा, काय करायचं (पक्षकारांना कळवणं, तारीख मागून घेणं, कागद परत देणं), काय करायचं नाही, आणि टपाल, प्रवास, कारकुनाचा पगार हा खर्च कुठून भागवायचा. त्यांनीही तुम्हाला तसाच कागद द्यावा. काम एकमेकांचं असलं की कुणाला संकोच वाटत नाही.

इथे एक मायेचा सापळा आहे. ‘माझी कामं तू घे आणि फीतला निम्मा भाग घरी देत जा’ असं कुणी कुणी तोंडी ठरवतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर फी वाटून घेण्याचा कुठलाही व्यवहार चालत नाही. तुम्ही केलेल्या कामाची थकलेली फी वेगळी. ती तुमची मिळकत आहे आणि वारसांना मिळू शकते. पुढच्या कामाच्या फीत मात्र घरच्यांचा वाटा नाही.

२. वकीलपत्रावर दुसरं नाव

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच. पक्षकाराची सही घेतानाच वकीलपत्रावर दोन वकिलांची नावं घाला, दोघांनी स्वीकारल्याच्या सह्या करा. एक गेला तरी दुसरा रेकॉर्डवर राहतो आणि दुसऱ्या दिवशी अधिकाराने उभा राहून तारीख मागू शकतो. पक्षकाराला आधी सांगा, दुसरं नाव का घालतोय ते. ज्युनिअरचं नाव त्याला न विचारता टाकू नका. तो वर्षभराने ऑफिस सोडून जातो, नाव मात्र शंभर दाव्यांत राहतं आणि नोटिसा त्याच्या नावाने निघत राहतात. कुणी सोडून गेलं तर त्याचं वकीलपत्र रीतसर मागे घ्यायला लावा.

३. कामांची यादी: इथेच खरी मेहनत आहे

‘डायरीत सगळं आहे’ हे वाक्य विसरा. डायरीत असतं: ‘२०५/१९, निशाणी ५, से.’ वाचणाऱ्याला कोर्ट कुठलं, पक्षकार कोण, त्याचा फोन कुठे, आपण वादी की प्रतिवादी, काहीच कळत नाही.

यादी एका तक्त्यात करा. प्रत्येक कामासाठी: कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, सोळा अक्षरी सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवर प्रत्येक कामाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक), पक्षकाराचं पूर्ण नाव व गाव, दोन फोन (एक घरच्या दुसऱ्या माणसाचा), समोरचे वकील, पुढची तारीख, ती तारीख कशासाठी आहे, आणि आपल्या हातून काय व्हायचं बाकी आहे. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘प्रोसेस फी भरायची’, ‘कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायची, नव्वद दिवस अमुक तारखेला संपतात’, ‘नक्कल मिळाली, अपील करायचं’. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मंडळींनी उच्च न्यायालयातली कामं नीट तपासून लिहावीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, आणि जुन्या डायऱ्यांत नुसतं ‘हायकोर्ट’ लिहिलेलं असतं.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाचं नाव किंवा सनद क्रमांक घालून कामं शोधता येतात. जरूर शोधा, पण तेवढ्यावर विसंबू नका. एकच वकील कुठे आद्याक्षरांसह, कुठे नुसत्या आडनावाने, कुठे चुकीच्या स्पेलिंगने चढवलेला असतो. तहसीलदार, प्रांत यांच्यापुढची महसुली कामं तिथे दिसतच नाहीत. ग्राहक आयोगाची कामं ई-जागृती या त्यांच्या पोर्टलवर वेगळी.

आणि या ‘बाहेरच्या’ कामांतच घात होतो. वकील गेला की त्याच्या बारमध्ये शोकप्रस्ताव होतो, न्यायाधीशांना माहीत असतं, समोरचे वकील सहसा त्या आठवड्यात काही बोलत नाहीत. पण तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टाला काय माहीत? प्रांत ऑफिसच्या कारकुनाला काय माहीत? तिथे पुकारा होतो, कुणी हजर नसतं, आणि अपील निकाली निघतं. यादीत आपल्या कोर्टाबाहेरची कामं वेगळ्या रंगात लिहा. तुमच्या जागी येणारा माणूस सगळ्यात आधी तिथे फोन करेल.

त्याहून धोक्याची म्हणजे अजून दाखलच न झालेली कामं. पक्षकार कागद देऊन गेलाय, कदाचित फीही देऊन गेलाय, दावा तयार व्हायचाय. त्याची नोंद कुठल्याच कोर्टात नसते, म्हणून ती कुणालाच सापडत नाही. चेक न वटल्याचं उदाहरण घ्या. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस पोचल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि तिथून एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर कारण दाखवून माफ करून घेता येतो. नोटिशीचे तीस दिवस गेले तर तो मार्ग नाही. नवा दावा मुदतीबाहेर गेला तर मुदत कायद्याचं कलम ५ मदतीला येत नाही, ते अपील आणि अर्जांसाठी आहे. म्हणून ‘दाखल करायची कामं’ अशी स्वतंत्र यादी ठेवा, मुदत संपण्याच्या तारखेच्या क्रमाने, आणि ती टेबलाच्या काचेखाली नको, मुख्य यादीसोबत हवी.

काही झालंच तर दुरुस्तीची दारं आहेत. दावा गैरहजेरीत काढला गेला तर तीस दिवसांत पुनर्स्थापनेचा अर्ज, एकतर्फा हुकूमनामा झाला तर तो रद्द करण्यासाठीही तीस दिवस, उशिराला कलम ५. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा पक्षकाराला नको, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात म्हटलेलं आहे. पण त्या निकालाच्या भरवशावर ऑफिस चालवू नका. पक्षकाराने स्वतः चौकशी का केली नाही, हा प्रश्न कोर्ट विचारतंच.

यादी दर महिन्याच्या एका ठरलेल्या शनिवारी अद्ययावत करा, आणि एक प्रत ठरवलेल्या वकिलाला बंद पाकिटात किंवा पासवर्ड लावून द्या. त्याच्याकडे सहा महिने जुनी यादी असेल तर तिचा उपयोग फक्त फोन नंबरांपुरता.

४. पैसा कुणाचा आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे

सीनिअरांच्या कपाटात एक खाकी पाकीट होतं. आत नोटा, वर निळ्या शाईत ‘पाटील, कोर्ट फी’. आमच्या यादीत पाटलांची चांगली दोन हातांवर मोजावी इतकी कामं होती. शेवटी प्रत्येक पाटलांना फोन करून, कोर्ट फी कुणाच्या दाव्याची बाकी आहे ते तपासून मालक सापडला. तो प्रामाणिक निघाला, आणि दुसऱ्या कुणी ‘माझेच’ म्हटलं नाही, हे नशीब.

पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवणं हे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे बंधनकारकच आहे. कुणाचा, कुठल्या कामासाठी, किती आला, किती खर्च झाला, किती उरला. माझा आग्रह एका पायरीने पुढचा आहे: पक्षकारांच्या पैशासाठी वेगळं खातं काढा आणि त्यात स्वतःची फी कधीही मिसळू नका. तुम्ही गेल्यावर बँक सगळे पैसे नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती ठेवते. कोर्ट फीसाठी आलेली रक्कम आणि तुमची बचत यांत घरच्यांना फरक कसा कळणार? दुःखात असलेल्या माणसाच्या दारात पक्षकार येऊन पैसे मागतो, तेव्हा दोघांचीही कुचंबणा होते.

फी ठरली असेल तर ती लेखी ठेवा, निदान फाईलच्या आतल्या पानावर. ‘एवढी मिळाली, एवढी बाकी’ आणि पक्षकाराची सही.

५. मूळ कागद आजच परत करा

खरेदीखतं, मृत्युपत्रं, मुदत ठेवींच्या पावत्या, दागिन्यांच्या पावत्या. जे कोर्टात दाखल करायचं नाही ते ऑफिसात ठेवूच नका. छायाप्रत घ्या, मूळ परत द्या, पोच घ्या. ठेवावंच लागलं तर एक नोंदवही: काय, कुणाचं, कधी आलं, कुठल्या कपाटात. निकाली निघालेल्या फायलींचंही तेच. वर्षातून एकदा सुट्टीत बसा, संपलेल्या कामांच्या पक्षकारांना बोलावून फायली सहीनिशी देऊन टाका.

फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. हे घरच्यांनाही सांगून ठेवा. ‘आधी यांची फी द्या, मग फाईल’ असं त्यांच्या तोंडून निघणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ते चूक आहे.

नोटरी असाल तर शिक्का आणि नोंदवही कुलपात. तुमच्या पश्चात शिक्का भलत्याच्या हाती लागला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

६. मोबाईल, ओटीपी आणि टोकन

ई-फायलिंग, बँक, ई-मेल, सगळ्यांचे ओटीपी एकाच नंबरवर येतात. घरचे काय करतात? महिन्याभरात सिम बंद करतात, कारण बिल येत राहतं. त्यांना लिहून ठेवा: हा नंबर निदान वर्षभर चालू ठेवायचा, येणारे फोन कुणाकडे वळवायचे तेही ठरवून द्या. पक्षकार मोबाईलवरच फोन करणार.

ऑफिससाठी वेगळा नंबर आणि वेगळा ई-मेल घेतलात तर घरच्यांचे फोटो आणि पक्षकारांचे जबाब एकाच पेटीत राहत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेले कागद त्या त्या फाईलच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची सवय लावा. गूगलमध्ये खातं वापरात नसल्यास दुसऱ्याला कळवण्याची सोय आहे, पण ती कमीत कमी तीन महिने वाट पाहते. मुदतींच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य. संगणकाचा पासवर्ड बंद पाकिटात, ठरवलेल्या वकिलाच्या नावाने, बँकेच्या लॉकरमध्ये नव्हे तर घरच्या कपाटात. वकील गेल्यावर लॉकर उघडायला लागणारा वेळ तुमच्या पक्षकाराकडे नाही.

डिजिटल सहीचं टोकन मात्र कुणीही वापरायचं नाही. गेलेल्या माणसाच्या सहीने दाखल झालेला अर्ज हा वापरणाऱ्याच्या गळ्यातला फास आहे. कारकुनाला पिन माहीत असतो, त्याला हे नीट समजावून सांगा.

७. जिवंत आहात, पण उभे राहू शकत नाही

याची तयारी कुणीच करत नाही, आणि निस्तरायला हे मृत्यूपेक्षा किचकट. कारण वकीलपत्र संपलेलं नसतं. बार कौन्सिलच्या नियम ३९ प्रमाणे एका वकिलाचं वकीलपत्र असताना दुसऱ्याला त्याच्या संमतीशिवाय येता येत नाही. संमती मिळत नसेल तर कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तुम्ही शुद्धीवर नसाल तर नाहरकत देणार कोण?

कोऱ्या नाहरकतींवर सह्या करून ठेवू नका. त्यांचा दुरुपयोग फार सोपा आहे. पायरी १ च्या कागदातच एक परिच्छेद घाला, की आजारपणामुळे मी काम करू शकलो नाही तर माझ्या पक्षकारांनी दुसरा वकील नेमायला माझी हरकत नाही. त्याची प्रत आणि डॉक्टरांचा दाखला जोडला की परवानगीच्या अर्जाला आधार मिळतो. दोन-तीन महिन्यांत बरे होऊन परतण्यासारखं असेल, तर मित्राने फक्त तारखा मागाव्यात, पुरावा सुरू करू नये, हेही त्याच कागदात स्पष्ट असू द्या.

८. घरच्यांसाठी एकच पान

मोठं पत्र कुणी वाचत नाही. एका बाजूला मावेल एवढंच लिहा: पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला. ऑफिसची किल्ली फक्त ठरवलेल्या वकिलांकडे. त्यांच्याशिवाय एकही फाईल बाहेर जाऊ देऊ नये. कुणी कितीही ओळखीचं असलं तरी पैसे लगेच देऊ नयेत, नोंद पाहून द्यावेत. कारकुनाचा पगार निदान दोन महिने चालू ठेवावा, कारण कुठली फाईल कुठे आहे हे त्यालाच ठाऊक. जागेचं भाडं, अनामत, वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते. आयकर सल्लागाराचा नंबर, कारण तुमचं शेवटचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं.

९. परिषद आणि कल्याण निधी

महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तुमचा पत्ता आणि फोन जुनाच असेल तर आधी बदला. वकील कल्याण निधीचे सभासद असाल तर वारस म्हणून कुणाचं नाव दिलंय ते पाहा. लग्नाआधी दिलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलं आहे.

१०. फाईलमध्ये काय काय हवं

एक लाल फाईल, वर ठरवलेल्या वकिलाचं नाव. आत:

- संमतीचा दोन पानी कागद, दोघांच्या सह्यांसह
- चालू कामांची यादी आणि दाखल करायच्या कामांची यादी
- पक्षकारांच्या पैशांची खतावणी आणि त्या खात्याचा तपशील
- मूळ कागदांच्या नोंदवहीची प्रत
- सनद आणि ओळखपत्राच्या प्रती
- भाडेकरार, विम्याचे कागद
- घरच्यांसाठीचं पान
- ऑफिसच्या दारावर लावायच्या सूचनेचा मसुदा

शेवटच्या कागदाबद्दल थोडं. मित्र घाईत दारावर लिहितात, ‘यापुढील सर्व कामकाज ॲड. अमुक पाहतील.’ हे लिहू नका. पक्षकाराने अजून कुणाला नेमलेलं नाही, आणि वकिलाला काम मागायला किंवा जाहिरात करायला बंदी आहे. उद्या कुणी तक्रार केली तर मदतीला आलेला माणूस परिषदेपुढे उभा राहील. मसुदा असा ठेवा: ‘ॲड. … यांचे दि. … रोजी निधन झाले. पक्षकारांनी आपली फाईल व मूळ कागद ओळखपत्र दाखवून, पोच देऊन घेऊन जावेत आणि पुढील तारखेपूर्वी आपल्या पसंतीचा वकील नेमावा. कागदांसाठी संपर्क: …, वेळ सायंकाळी ६ ते ८.’ हाच मजकूर फोनवर आणि टपालाने सगळ्यांना जाईल. आपल्याकडे बरेच पक्षकार टपाल उघडत नाहीत, त्यामुळे ज्यांची तारीख पंधरा दिवसांच्या आत आहे त्यांना पत्रावर न ठेवता कारकुनाने गावी जाऊन सांगावं.